तारप्यासमोर कर्णा

जव्हारच्या मामाचा मंडपाचा धंदा आहे. गेल्या पावसाळ्यात त्यानं गोदामातला जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मला देऊन टाकला. त्याच्यावरची नावाची पट्टी झिजून गेली होती, पण त्यानं काय फरक पडतो? आमच्याकडे असल्या प्रत्येक डब्याला 'अहुजा'च म्हणतात, तो कुणीही बनवलेला असो. आत ईएल ८४ व्हॉल्व्हची जोडी, पुढे ईसीसी ८३, आणि मागे शंभर व्होल्टच्या लाइनचे टर्मिनल, म्हणजे लांबच लांब वायर ओढून कर्णे जोडायची सोय.

पुण्याला आणून सिरीज दिव्यावर लावला. दिवा भगभगीत पेटला आणि विझायचं नावच घेईना. फिल्टरचे कपॅसिटर वाळले होते. कपलिंगचे गळके होते, त्यांच्यामुळे व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब जाऊन प्लेट लाल व्हायची. हे सगळं बदललं. तरी घरघर राहिलीच. दोन रात्री अर्थिंगच्या मागे घालवल्या आणि ती काढली.

हे सांगण्यात बढाई आहे, हे मला कळतं. जुने अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या आम्हा हौशी लोकांची एक ठरलेली भाषा आहे. आवाज 'उबदार' असतो, यंत्र 'मूळ रूपात' आणायचं असतं. काही जण जुन्या कपॅसिटरचं कवच पोखरून त्यात नवा लपवतात, म्हणजे झाकण उघडलं तरी १९६० सालच दिसावं. या भाषेबद्दलच माझी तक्रार आहे. तिला यंत्राचं पोट दिसतं, यंत्र कुठे उभं होतं ते दिसत नाही.

कारण जव्हारला परत नेऊन कर्णा जोडला, तेव्हा कळलं की मी काढलेली ती शंभर हर्ट्झची घरघर कर्ण्यातून जवळजवळ ऐकूच येत नाही. कर्ण्याला खर्ज नसतोच. तो माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं लांबवर पोचवण्यासाठी घडवलेला. 'उबदार' आवाज या यंत्रानं आयुष्यात कधी काढला नव्हता. मामानं विचारलं, "अरे, पलीकडच्या पाड्यापर्यंत शब्द कळतो ना?" माझ्या दोन रात्रींपेक्षा हा प्रश्न जास्त नेमका होता.

मग मी त्यावर तारपा लावला. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीनं गौरवल्यापासून तारप्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. कर्ण्यातून तो भोंग्यासारखा आला, सगळं कर्कश आणि एका पातळीवर. इथे माझी पहिली शंका यंत्रावर गेली. ती चूक होती.

तारपा नीट पाहिला तर तो स्वतःच अँप्लिफायर आहे. वाळलेल्या भोपळ्यात हवा साठते, बांबूच्या दोन नळ्यांतल्या पातळ जिभा थरथरतात, आणि टोकाला ताडाच्या पानांचा रुंदावत जाणारा कर्णा. भौतिकशास्त्र तेच. अरुंद तोंडातला दाब बाहेरच्या मोकळ्या हवेला हळूहळू जुळवून द्यायचा. मामाच्या पत्र्याच्या कर्ण्यातही तेच होतं. फरक इतकाच, की पत्र्याचा कर्णा बांबूवर बांधलेला असतो आणि ताडाचा माणसाच्या हातात. वादक श्वास न तोडता वाजवत चालतो, वळतो, वाकतो. नाचणाऱ्याला तो कधी तोंडावर येतो, कधी पाठमोरा होतो. चाल बदलली की पाय बदलतात, आणि ती बदलणार आहे हे त्याच्या वळण्यातूनही कळतं. ध्वनिमुद्रणात एका जागचा माइक हे सगळं सपाट करतो. माझा अँप्लिफायर ते कुठून परत आणणार?

म्हणून 'कर्ण्यानं लोककला मारली' हा लेखांतला आवडता सूरही मला पटत नाही. ज्या घाटरस्त्यांवर एक पाडा दुसऱ्यापासून टेकडीभर दूर, तिथे लसीकरणाची तारीख, हरवलेलं पोर, पाण्याच्या टँकरची वेळ याच पत्र्यातून कळलेली आहे. बिघाड होतो तो तारप्यासमोर माइक उभा केला की. वादकाला माइकपाशी थांबावं लागतं. रिंगण फिरतं, पण मध्यभागी कुणी नसतं, आणि आवाज झाडावरून येतो.

हे मी वाघबारशीच्या सुमारास मोखाड्याकडच्या एका पाड्यावर पाहिलं. पाहुण्यांची भाषणं आमच्या डब्यावरून झाली, शब्द न् शब्द कळला. वर्गणी देणाऱ्यांची नावं झाली. मग कार्यकर्त्यानं माइकचा स्टँड उचलून तारपावाल्यासमोर आणला. म्हाताऱ्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, भोपळा तोंडाला लावला आणि चालायला लागला. स्टँड तिथेच. काही वेळ कर्ण्यातून तारपा येत-जात राहिला, जवळ आला की ओरडायचा, लांब गेला की नाहीसा. मामा उठला आणि त्यानं व्हॉल्यूम शून्यावर आणला.

"व्हॉल्व्ह चालूच ठेव," मला म्हणाला, "नंतर जेवणाचं सांगायचंय."