टाक, विहीर आणि काचेचे कपाट

माझ्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात बेचाळीस टाक आहेत. त्यांतला एकही आमच्या घराण्याचा नाही. आमचे टाक वडिलांनी थोरल्या काकांकडे सोपवले आणि माझा देवावर विश्वास नसल्यामुळे ते परत मागण्याचा प्रश्न आला नाही. हे बेचाळीस मी तीस वर्षांत विकत घेतले. बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी, थोडे मुंबईच्या चोरबाजारात. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला घोड्यावरचा खंडोबा, त्याच्याबरोबर म्हाळसा, खाली कुत्रा. कुठे नुसती उभी देवी, कुठे ढाल-तलवार घेतलेला वीर. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी सांगत आलो की मी देव जमवत नाही, कला जमवतो. हे वाक्य टिकते का, ते एकदा नीट तपासावे असे वाटले. त्याचे कारण पुढे येईल.

आधी आवडीबद्दल. नवा टाक मी घेत नाही. त्यातल्या देवाचे नाकडोळे ठसठशीत असतात आणि नेमके तेच मला नको असते. मला हवा असतो झिजलेला टाक. रोज ताम्हनात घेऊन घातलेले पाणी, हळदकुंकू, सणाच्या आधी रांगोळी लावून घासणे, असे दोन-तीन पिढ्या चालले की चेहरा हळूहळू पुसट होतो, घोडा म्हणजे नुसता एक फुगवटा उरतो आणि खोबणीत जुना शेंदूर धरून राहतो. एकाच ठशावरून काढलेले दोन टाक आरंभी सारखेच असतात. पन्नास वर्षांनंतर ते वेगळे दिसतात ते सोनारामुळे नव्हे, त्या दोन घरांतल्या हातांमुळे. म्हणजे ज्याला मी कला म्हणून पैसे मोजले, तिचा निम्मा भाग पूजेने घडवला आहे आणि घडवणाऱ्या बाईच्या मनात कला नव्हती. तिच्या लेखी तर झीज हा दोषच. देव ओळखू येईनासा झाला की टाक सोनाराकडे देऊन नवा करून घ्यायचा, किंवा पाण्यात सोडायचा. तिने काढून टाकावा अशा अवस्थेला वस्तू पोचली की माझी रसिकता सुरू होते.

आनंद कुमारस्वामींनी या रसिकतेवर फार पूर्वी बोट ठेवले होते. १९१७ साली ते स्वतःचा संग्रह घेऊन बॉस्टनच्या संग्रहालयात गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. कलाकृती मांडून ठेवायच्याच कशाला, असा प्रश्न त्यांनी १९४१ च्या एका निबंधात विचारला. संग्रहालयातल्या मूर्ती प्रदर्शनासाठी घडवलेल्या नव्हत्या, त्या वापरासाठी होत्या. तो वापर न कळता त्या आवडणे म्हणजे अर्धवट आवडणे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पुढे मात्र ते वापराचा अर्थ तत्त्वज्ञानात शोधतात, आणि तिथे माझे त्यांच्याशी जमत नाही. खंडोबाच्या टाकामागे उपनिषदे शोधायची गरज नाही. त्यामागे नवस असतो, भाऊबंदकी असते, चंपाषष्ठीचे भरीत-रोडगे असतात. भाऊ वेगळे झाले की टाक कोणाकडे राहणार, धाकट्याने नवे करून घ्यायचे की नाही, यावरून घरे वर्षानुवर्षे बोलत नाहीत. अश्रद्ध माणसालाही हे सगळे कळू शकते. त्याने ते विचारायला मात्र हवे. मी क्वचित विचारले.

न विचारण्याची सोय ‘कला’ या शब्दातच आहे. पिप्रहवाच्या रत्नांचे प्रकरण पाहा. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा गावचा स्तूप १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने खणला. दगडी पेटीत करंडक निघाले, त्यांत अस्थी, रक्षा आणि शेकडो बारीक रत्ने. एका करंडकावर ब्राह्मी लिपीत बुद्धाचा आणि शाक्यांचा उल्लेख. मग वाटणी झाली. अस्थी हा श्रद्धेचा विषय, म्हणून त्या बौद्ध असलेल्या सयामच्या राजाला गेल्या. करंडक आणि बहुतेक रत्ने कोलकात्याच्या संग्रहालयात गेली. दुबार नमुने ठरवून काही रत्ने पेपेला ठेवू दिली. ज्यांनी ती रत्ने अस्थींबरोबर पुरली, त्यांनी अशी वाटणी केली नव्हती. त्यांच्या दृष्टीने ते सगळे मिळून एकच दान होते. हाड म्हणजे धर्म आणि माणिक म्हणजे कला, हे एका कचेरीने ठरवले. त्या निर्णयाच्या जोरावर २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला त्यांचा लिलाव जाहीर झाला. जगभरच्या बौद्धांनी हरकत घेतली, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये गोदरेज उद्योगसमूहाने ती रत्ने विकत घेऊन भारतात आणली. आनंद झाला, खोटे कशाला बोला. पण जे विकायचेच नव्हते ते सोडवायलाही विकतच घ्यावे लागले, हेही त्याच बातमीत होते.

ही बातमी वाचली त्या सुमारास एक स्नेही घरी आले. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, बौद्ध आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. कपाटापुढे ते बराच वेळ उभे होते. त्यांतले तीन तांब्याचे टाक काळवंडलेले, एका बाजूने खाल्लेले आहेत. हे विहिरीचा गाळ काढताना निघाले, असे विकणाऱ्याने सांगितले होते, आणि त्या काळेपणावर मी इतका खूश होतो की सरांनाही तो कौतुकाने दाखवला.

“विहीर कुठली?” त्यांनी विचारले.

मला माहीत नव्हते.

“आमच्याकडं छप्पन साली असंच झालं. आज्यानं नागपूरची बातमी ऐकली आणि घरातले देव टोपलीत घालून विहिरीत सोडले. आजी दोन दिवस जेवली नाही. देव कोपतील म्हणायची. देव काही कोपले नाहीत, गाव मात्र कोपलं. कामं बंद झाली.”

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मी वाचल्या होत्या. घरातले देव पाण्यात सोडल्याचे प्रसंग दलित आत्मकथनांतही वाचले होते. त्या देवांचे पुढे काय झाले असेल, हा विचार मात्र आला नव्हता. माझे तीन टाक त्याच कारणाने विहिरीत गेले असे म्हणायला पुरावा नाही. झिजले म्हणून कोणी रीतीप्रमाणे सोडले असतील, चोराने घाबरून टाकले असतील. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, पण टाकावर साल कोरलेले नसते आणि कोणी का टाकला हे तर नसतेच. एवढे खरे की मी स्वतःला अश्रद्ध म्हणवतो आणि त्या अश्रद्धेसाठी मला एक दिवसही उपाशी राहावे लागलेले नाही. सरांच्या आजोबांनी देव टाकले तेव्हा त्यांना सौंदर्य दिसत नव्हते असे नाही. त्या देवांनी बांधून ठेवलेली गावातली जागाही त्यांना दिसत होती. मी त्यातले सौंदर्य तेवढे उचलून दिव्याखाली ठेवले.

निघताना सरांनी पुस्तकांच्या फळीकडे बोट केले. तिथे बुद्धाचे दगडी शिर होते, अलीकडचेच, दुकानातून घेतलेले. “एक विचारू? मान कापलेला बुद्ध घरात कसा ठेवता हो तुम्ही?”

ती नक्कल आहे, मी म्हणालो. तेवढ्यावर विषय संपला, पण उत्तर चुकीचे होते. नुसते शिर घडवण्याची कल्पना मुळात आली कुठून? अंगकोरपासून लाँगमेनच्या लेण्यांपर्यंत चोरांनी मूर्तींची शिरे कापून नेली, कारण पूर्ण मूर्ती हलवणे अवघड. ती शिरे युरोप-अमेरिकेतल्या घरांत शोभली, आणि आता आपण इमारतीच्या लॉबीत, हॉटेलच्या दारात तो आकार शांततेचे चिन्ह म्हणून नव्याने घडवून ठेवतो. विहारातल्या बुद्धाला धड असते.

सर गेल्यावर मी प्रत्येक टाकासाठी एक कार्ड केले. कुठे घेतला, कोणाकडून, काय सांगितले. बेचाळीसपैकी अकरा कार्डांवर दुसरी ओळ लिहिता आली. विहिरीच्या टाकांसाठी दोन रविवार जुन्या बाजारात गेलो. तो विक्रेता आता तिथे बसत नाही, त्याच्या जागी जुन्या मोबाइलचे सुटे भाग असतात. काम करायला येणाऱ्या मावशींनी कार्डे पाहून विचारले, “काका, नावं लिहिली ते बरं केलं, पण यांना पाणी नाही का घालायचं?” नाही, म्हणालो. शिर सध्या माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. कोणाला देता येत नाही आणि टाकवतही नाही.