गर्भऊती संशोधन : नैतिकता, राजकारण आणि संमतीचा प्रश्न

प्रस्तावना : मानवी गर्भाच्या ऊतींचा वैद्यकीय संशोधनातील वापर हा अमेरिकेत दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. हा वाद बहुधा ‘विज्ञान विरुद्ध धर्मश्रद्धा’ असा मांडला जातो. ही मांडणी अपुरी आहे. कारण जिच्या शरीरातून ही ऊती येते, त्या स्त्रीचे स्थान दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात गौण ठरते.

विवेचन : १९६२ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी स्वीडनमधील एका कायदेशीर गर्भपातानंतर मिळालेल्या फुप्फुस-ऊतीपासून ‘डब्ल्यूआय-३८’ हा पेशीवंश विकसित केला. रुबेलाची लस याच पेशींवर सिद्ध झाली. पुण्यात तयार होणाऱ्या रुबेला लसीतील विषाणूही अशाच मानवी पेशींवर वाढवला जातो. मात्र त्या स्वीडिश स्त्रीची संमती घेण्यात आली नव्हती.

१९८८ मध्ये रीगन प्रशासनाने हेतुतः केलेल्या गर्भपातातील ऊतींच्या प्रत्यारोपण-संशोधनाचे शासकीय अनुदान स्थगित केले. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या बहुमताने योग्य निर्बंधांसह संशोधनास अनुकूलता दर्शविली. तरीही १९८९ मध्ये स्थगिती वाढविण्यात आली. अशा संशोधनामुळे गर्भपातास प्रोत्साहन मिळेल, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी स्थगिती उठविली. त्याच वर्षीच्या कायद्याने या आक्षेपाची दखल घेतली : गर्भपाताची संमती आधी, ऊतीदानाची विचारणा नंतर, ऊती कोणास मिळावी हे ठरविण्यास आणि तिच्या विक्रीस मनाई.

समर्थकांचा उपयुक्ततेचा युक्तिवादही निर्दोष नाही. कंपवाताच्या ४० रुग्णांवरील २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तुलनेने तरुण रुग्णांना काही लाभ झाला, वयस्करांना झाला नाही. प्रत्यारोपण झालेल्या काहींमध्ये तर अनियंत्रित हालचाली उद्भवल्या. संशोधनाचे समर्थन केवळ फलप्राप्तीवर उभे केले, तर अपयशाबरोबर तेही कोसळते.

पुढे २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने निर्बंध लादले आणि २०२१ मध्ये बायडेन प्रशासनाने ते मागे घेतले. या काळात नीतिविचार बदलला नव्हता, सत्ता बदलली होती.

निष्कर्ष : संमतीमुळे गर्भाच्या नैतिक दर्जाचा प्रश्न सुटत नाही, हे मान्य करावे लागते. परंतु त्या प्रश्नावर एकमत होईपर्यंत धोरणास आधार हवाच. स्त्रीची स्वतंत्र, दबावरहित संमती आणि व्यापारास बंदी हाच तो आधार होय. १९६२ मध्ये तिला विचारले गेले नाही. संशोधन नाकारून ती उणीव भरून निघत नाही आणि केवळ त्याचे लाभ मोजूनही नाही.