एफिससच्या बिशपचे पत्र

सण कोणत्या दिवशी पाळावा यावरून इ. स. १९०च्या सुमारास ख्रिस्ती मंडळीत मोठा वाद झाला. आशिया प्रांतातले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले ख्रिस्ती आपला पास्खा १४ निसानला पाळीत, मग वार कोणताही असो. रोमचा बिशप व्हिक्टर याचे म्हणणे, रविवारच पाळा, नाहीतर मंडळीबाहेर व्हा.

एफिससचा बिशप पॉलिक्रेटिस याने त्याला धाडलेले उत्तर युसेबियसने आपल्या इतिहासग्रंथात उतरवून ठेवले आहे. हा युसेबियस कैसारियाचा. आपण तेल अवीवहून हायफाला जातो त्या वाटेवरचे तेच कैसारिया.

पत्र लहान, पण ठाम आहे. पॉलिक्रेटिस शास्त्रार्थात शिरत नाही, तो थडगी मोजतो. हिएरापोलिसला फिलिप, एफिससला योहान, स्मर्नाला पॉलिकार्प, सार्डिसला मेलितो. हे सारे १४ तारीखच पाळीत. आपल्या नात्यातले सात जण बिशप होते, आपण आठवे. श्रद्धेत पासष्ट वर्षे काढली, आता धमकीला काय भ्यायचे?

शाळेत आम्ही मुलांना शिकवीत असू की 'पूर्वीपासून चालत आले' हा पुरावा नव्हे. पण हे पत्र वाचताना आम्हांला नवगावची थडगी आठवली. १९६०च्या दशकात या देशात आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली, तेव्हा आपणही वाडवडिलांकडेच बोट दाखवले होते. पॉलिक्रेटिस लिहितो की लोक खमीर दूर करतात तोच दिवस आपले आप्त पाळीत. कोकणात ग्रंथ हाताशी नसतानाही आपल्या आज्या आंबट चटणीचे भांडे झाकून अनाशी ढाकाचा सण करीत. म्हणून त्याचा युक्तिवाद आम्हांला कच्चा म्हणवत नाही.

दोष निराळाच आहे. खमीर दूर करणारे ते 'लोक' म्हणजे आपण. त्यांचा उल्लेख एवढाच. त्याच्या यादीतल्या मेलितोने तर पास्खावरील प्रवचनात इस्राएलवर देवाच्या हत्येचा आरोप ठेवला. तारीख आपली घेतली, माणसे मात्र परकी मानली. पुढे ३२५ साली नायसियाच्या परिषदेनंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने यहुद्यांची रीत नको असे उघडच लिहिले.

या वादात आम्हांला अधिक मोठा वाटतो तो ल्योंचा बिशप इरेनियस. तो स्वतः रविवार पाळणारा, तरीही त्याने व्हिक्टरला समजावले की एवढ्यासाठी भावांना तोडू नका. आपल्या बाजूच्या माणसाला असे सांगणे अधिक कठीण असते.