मिगाराच्या घरची सून

धम्मपद-अट्ठकथेतील विशाखेची कथा कानावरून गेली नाही असे बौद्ध कुटुंब महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. वर्षावासातील प्रवचनांत, उपासिकांच्या शिबिरांत, मंगल परिणयाच्या वेळी वधूला केलेल्या उपदेशात ती पुनःपुन्हा सांगितली जाते. सांगण्याची पद्धतही ठरून गेली आहे. धनंजय श्रेष्ठीची कन्या साकेतहून सावत्थीला, नग्न श्रमणांच्या भक्ताच्या घरी सून म्हणून जाते, श्रद्धेच्या बळावर सासऱ्याला तथागतांकडे वळवते आणि ‘मिगारमाता’ म्हणवली जाते. बौद्ध कन्या परधर्मीयांच्या घरी गेलीच, तर तिने ते घर जिंकावे, हे तात्पर्य. आमच्या मते हे वाचन अपुरे आहे. आणि आंतरधर्मीय विवाहाचा प्रश्न घराघरांत उभा असताना या अपुरेपणाची किंमत आमच्या मुली आणि आमच्या सुना मोजीत आहेत.

मूळ पाठ पाहू. मिगार नग्न श्रमणांना भोजन देतो आणि सुनेला ‘अरहंतांना’ वंदन करण्यास बोलावतो. अरहंत हा शब्द ऐकून विशाखा हर्षाने येते आणि त्यांना पाहून परत फिरते. श्रमण तिला घालवून देण्यास सांगतात. थोर कुळातील मुलीला तेवढ्यावरून काढता येत नाही म्हणून मिगार गप्प बसतो. पुढे एके दिवशी तो सुवर्णपात्रातून पायस खात असताना दारी भिक्षू उभा राहतो. मिगार पाहून न पाहिल्यासारखे करतो. विशाखा भिक्षूला पुढे जाण्यास सांगते. सासरे ‘पुराण’, म्हणजे शिळे, खात आहेत, असे म्हणते. शब्द जिव्हारी लागतो. मिगार तिला बाहेर काढण्याची आज्ञा देतो.

यानंतरचा भाग प्रवचनांतून सहसा गळतो. विशाखा रडत नाही, विनवणीही करीत नाही. पाणवठ्यावरून उचलून आणलेली दासी आपण नव्हे, असे ती बजावते. पित्याने सोबत दिलेल्या आठ कुटुंबिकांना बोलावून दोषाची चौकशी करण्याची मागणी करते. चौकशी होते. शिळ्या अन्नाचा आरोप, रात्री दासींसह घोडीच्या प्रसूतीला गेल्याचा आरोप, पित्याने केलेल्या दहा उपदेशांविषयीची शंका, या सर्वांची उत्तरे ती देते आणि निर्दोष ठरते. निर्दोष ठरल्यावर मात्र ती स्वतःच घर सोडण्याची तयारी करते. आता मिगार क्षमा मागतो. राहण्यासाठी ती एकच अट घालते : भिक्षुसंघाची सेवा आपल्या ‘रुचि’प्रमाणे करता आली पाहिजे.

अटीचा आशय नीट लक्षात घ्यावा. ‘तुम्ही बौद्ध व्हा’ असे ती सासऱ्याला म्हणत नाही, पतीलाही म्हणत नाही. सासरच्या घरात स्वतःच्या धम्माने जगण्याची मोकळीक ती मागते आणि ती मिळाल्यावरच राहते. मिगाराचे परिवर्तन त्यानंतरचे. पडद्याआड बसून त्याने देशना ऐकली आणि तो स्वतःच्या ऐकण्याने बदलला. हा क्रम उलटा केला की कथेचा अर्थच फिरतो.

अट्ठकथाकारांचे दोषही सांगितले पाहिजेत. हा ग्रंथ बुद्धकाळानंतर सुमारे हजार वर्षांनी आजच्या रूपात आला; विरोधी संप्रदायांविषयीचा त्यातील उपहास हा स्पर्धेचा सूर आहे, इतिहास नव्हे. ‘महालतापसाधन’ अलंकार घडवायला चार महिने लागल्याचे वर्णन रंगवून येते. पती पुण्णवड्ढन मात्र पंचकल्याणी वधूच हवी हा हट्ट धरण्यापुरता पुढे येतो आणि मग जवळजवळ नाहीसा होतो. पत्नीवर घर सोडण्याची पाळी आली तेव्हा त्याला काय वाटले, हे कथा विचारीत नाही. ज्या विवाहाची उभयतांच्या प्रेमाचा आदर्श म्हणून आम्ही वाखाणणी करतो, त्यात प्रेमाचा उल्लेखच नाही.

पतिपत्नींमधील खरा ताण पाहायचा तर संयुत्तनिकायाकडे वळावे. धनंजानी ही ब्राह्मणी बुद्धभक्त. पती भारद्वाज गोत्री, श्रमणांचा तिरस्कार करणारा. त्याला वाढताना ती अडखळते आणि तिच्या तोंडून बुद्धवंदना निघते. तो चिडतो, वाद घालून गौतमाला जिंकण्याची भाषा करतो. ती म्हणते, जिंकणारा कोणी मला दिसत नाही, पण जाऊन पाहा. तो जातो, प्रश्न विचारतो आणि भिक्षू होतो. धम्माचा विजय झाला, पण संसार तिथेच संपला. धनंजानीचे पुढे काय झाले, यावर हे सुत्त मौन पाळते.

आंतरधर्मीय विवाहास विरोध करणारे आमचे काही मित्र अंगुत्तरनिकायातील ‘समसद्धा’ या शब्दाचा आधार घेतात. नकुलपिता आणि नकुलमाता यांनी या जन्मी आणि पुढेही एकमेकांना पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा भगवंतांनी श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत समान असावे असे सांगितले. हा दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या दांपत्याच्या इच्छेला दिलेला उत्तररूप उपदेश आहे, विवाहाचा निषेधनियम नव्हे. शिवाय श्रद्धा ही चारांपैकी एक आहे. उरलेली तीन आम्ही सोयीने विसरतो. एका विहारात वंदना म्हणणारे पण शीलात आणि त्यागात विषम असे दांपत्य ‘सम’ कसे ठरते?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतिपत्नींसाठी बाबासाहेबांनी निवडलेले सुत्त या दृष्टीने बोलके आहे. मधुरा आणि वेरंजा यांच्या दरम्यानच्या मार्गावर सांगितलेले हे चार प्रकारच्या सहवासाचे सुत्त. त्यात प्रेत कोण आणि देव कोण, हे पंचशीलाच्या पालनावरून, कृपणतेवरून आणि श्रमण-ब्राह्मणांना शिव्याशाप देण्यावरून ठरते. कुळाचे किंवा पंथाचे नाव तिथे कसोटी नाही.

आता आमच्या घराकडे पाहू. परधर्मीय मुलगी आमच्याकडे सून म्हणून येते तेव्हा काय घडते? विवाहाच्या आदल्या सायंकाळी तिला त्रिशरण-पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावतात. न म्हटल्यास मंगल परिणय लावण्यास नकार मिळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात उच्चारलेल्या प्रतिज्ञांमागे एकवीस वर्षांचा विचार होता. त्या विवाहाची तिथी मिळवण्यासाठी घाईने म्हणवून घेणे, हा प्रतिज्ञांचाच अवमान आहे. कायदाही हे मागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २ मध्ये बौद्धांना आपल्या कक्षेत घेतले आहे. ही गोष्ट आम्हास रुचणारी नाही. परंतु त्यामुळे बौद्ध आणि हिंदू यांचा विवाह कायद्याच्या दृष्टीने आंतरधर्मीय ठरतच नाही, आणि कलम ७ प्रमाणे कोणा एका पक्षाचा रूढ विधी पुरतो. ख्रिस्ती किंवा मुस्लिम जोडीदारासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे; तीस दिवसांच्या नोटिशीचा जाच असला तरी तो धर्मांतर मागत नाही. मग ही अट कोणाची? ती आमची आहे. विशाखेची कथा सांगणारे आम्ही, दारात सून आली की मिगाराच्या आसनावर बसलेलो असतो.

ब्रह्मदेशात हेच आसन शासनाने घेतले. तेथे २०१५ साली बौद्ध स्त्रियांच्या विशेष विवाहाचा कायदा झाला. बौद्ध स्त्रीने अबौद्ध पुरुषाशी विवाह करायचा असल्यास अर्ज जाहीर लावून हरकती मागवण्याची तरतूद त्यात आहे. बौद्ध पुरुषाला अशी अट नाही. काही भिक्षूंनी या कायद्यासाठी चळवळ केली, हे पालीच्या अभ्यासकांना अधिकच बोचते.

यावर कोणी विचारेल, ज्या घरात बुद्धमूर्ती ठेवू देत नाहीत, १४ एप्रिललाही माहेरी पाठवीत नाहीत, तिथे गेलेल्या आमच्या मुलीचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि अशी घरे थोडी नाहीत. परंतु अशा मुलीशी आपण कसे वागतो? तिने विवाह ठरवला की संबंध तोडतो. बैठकीत तिचे नाव घेत नाही. छळ झाल्यावर ती परत आली तर ‘सांगितले होते’ म्हणतो. धनंजयाने विशाखेला पाठवताना आठ कुटुंबिक जामीन नेमले आणि मुलीवर दोष आला तर त्याची शहानिशा त्यांच्यावर सोपवली. अनाथपिण्डिकाची कन्या चूळसुभद्दा अशाच परक्या श्रद्धेच्या घरी उग्गनगराला गेली. तिनेही नग्न श्रमणांना वंदन नाकारले, तिलाही घालवून देण्याची भाषा झाली आणि तिनेही पित्याने दिलेल्या आठ जणांनाच बोलावले. दोन्ही कथांत ही नेमणूक मुलगी घरातून निघतानाच झालेली आहे, तंटा उद्भवल्यानंतर नव्हे.