मोराच्या सावलीत

येवल्याच्या पैठणीच्या दुकानात पहिली घडी उलगडली जाते ती मोराची. दुसरीही मोराचीच. बांगडी मोर, नाचरा मोर, समोरासमोर उभी मोरांची जोडी, कमळाभोवती फेर धरलेले चार मोर. गिऱ्हाईक तेच मागतं, व्यापारी तेच सांगून विणून घेतो, मग विणकरही तेच विणतो. काठावरच्या हिरव्या मुनिया अजून टिकून आहेत. हंस मात्र मागितल्यावरच बाहेर निघतो. हुमापरिंदा हे नाव नक्षींच्या यादीत वाचायला मिळतं, प्रत्यक्ष पदरावर क्वचितच.

पक्षिचित्रणाला नाशिक जिल्ह्याइतका कच्चा माल महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळेल. येवल्याचे माग आहेत, पंचवटीपासून टाकेदपर्यंत पसरलेली जटायूची कथा आहे, पेठ-सुरगाण्याकडची वारली चित्रं आहेत आणि निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरचं पाणथळ आहे. तरीही इथल्या कलेत पक्षी म्हणजे मोर हे समीकरण पक्कं झालं आहे. मला ते खटकतं. मोराशी वैर नाही, पण त्या एका पक्ष्याच्या सावलीत बाकीचे पक्षी आणि त्यांच्यासोबत आलेले अर्थ विझत चालले आहेत.

आधी मोराचं श्रेय मोराला देऊ. चांगल्या हातमागावरचा बांगडी मोर जवळून पाहावा. पदराची जमीन जरीची आणि तिच्यात रेशमाने भरलेला पक्षी, त्यामुळे सोन्याच्या कोंदणात खडे बसवल्यासारखं काम दिसतं. प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी. मानेचा निळा जिथे संपतो आणि छातीचा हिरवा जिथे सुरू होतो, तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून माघारी फिरवायचे, म्हणजे मध्ये फट राहत नाही. मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत, उलट आणि सुलट सारखंच दिसतं. अस्सल हातमागाची ओळख पटते ती इथेच. ताणा आणि बाणा काटकोनात असतात, त्यामुळे मागावर खरी गोलाई नसतेच. ती एकेक धागा मोजत, पायरीपायरीने साधावी लागते. त्या बांगडीच्या गोलात मोराची मान वळवायची, तुरा मोकळा ठेवायचा, पिसारा कडेला चिकटू द्यायचा नाही, हे सगळं सांभाळताना हात आणि डोळे दोन्ही कसाला लागतात. लहान मोरात ही मेहनत उठून दिसते. हल्ली मात्र अख्खा पदर व्यापणाऱ्या मोरांची चढाओढ आहे. आकार वाढला की रंगाचे सलग पट्टे वाढतात आणि बारकाव्याला जागा असूनही त्यात काही भरलं जात नाही.

अर्थाच्या बाबतीतही मोर श्रीमंत आहे. तो कार्तिकेयाचं वाहन आहे. मोरगावचा गणपती मयूरेश्वर आहे. राजा रविवर्म्याच्या १८९६ च्या सरस्वतीजवळही मोरच आहे. पावसाची चाहूल तो देतो, शृंगार त्याच्या नाचात आहे, सापाचा तो वैरी. त्यात १९६३ साली तो राष्ट्रीय पक्षी झाला. एकाच पक्ष्यावर इतके अर्थ साचले की त्यातला कुठला इथे अभिप्रेत आहे हे सांगण्याची गरजच उरली नाही. लग्नातल्या पैठणीवरचा मोर शृंगाराचा की पावसाचा, असा प्रश्न नवरीला पडत नाही, विणकरालाही नाही. तो आता शोभेचा आणि किमतीचा मोर आहे.

माझ्या मते पैठणीवरचा सर्वांत जिवंत पक्षी मुनियाच आहे. रूपाने ती पोपटाचीच चिमुकली आकृती: पानासारखी हिरवी, चोचीला लाल ठिपका. काठावर एकामागून एक बसलेल्या मुनिया पाहताना हे पक्षी कुठल्या तरी घराच्या वळचणीला आहेत असं वाटतं. पोपट कामदेवाचं वाहन मानला गेला, कथांमध्ये तो निरोप पोहोचवतो, गुपितं फोडतो, शहाणपण सांगतो. शिवाय मराठी घरात राघू-मैना ही जोडी नवरा-बायकोच्या लाडाची. म्हणून लग्नाच्या वस्त्रावर तोता-मैना असणं अगदी स्वाभाविक होतं. पोपटी रंगाच्या पैठणीला तर राघू असंच नाव आहे. पक्षी काठावर आला आणि साडीच्या अंगभर रंग होऊनही उतरला. मुनिया टिकली याचं एक साधं कारण असं की ती लहान आहे, काठाच्या मापात बसते आणि तिचं काम तुलनेने लवकर उरकतं. बाजाराच्या रेट्यातही एखादी प्रतिमा सुखरूप राहते ती कधीकधी अशी, आपल्या लहानपणामुळे.

हुमाची गोष्ट वेगळी. हा पक्षी मुळात इराणी कल्पनेतला. तो कधी जमिनीवर उतरत नाही आणि त्याची सावली ज्याच्या डोक्यावर पडते तो राजा होतो, अशी समजूत. दख्खनच्या दरबारांतून फारसी भाषा आली, फारसी चित्रं आली आणि हुमाही आला. टिपू सुलतानाच्या सिंहासनावर रत्नजडित हुमा होता. तो आज ब्रिटनच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. पैठणीवर हुमा आला तेव्हा त्याच्यासोबत राज्याची आकांक्षा आणि तिचा आशीर्वाद आला होता. नवरीच्या डोक्यावरून घेतलेल्या पदरावर हुमा असणं याचा अर्थ किती सुंदर होतो पाहा. जिच्या माथ्यावर ही सावली पडली, तिच्या घरात राज्य येवो. हा अर्थ आज दुकानात कोणी सांगत नाही, कारण विचारणारंही कोणी नाही. पदराला आपल्या नक्षीची कथा सांगता यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. किंमत सांगताना जरीचं वजन सांगतात, तसं पक्ष्याचं नावही सांगितलं तर काय बिघडेल?

मला सर्वांत जास्त टोचतो तो हंस. अजंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची माळ रंगवलेली आहे. प्रत्येकाची मान वेगळी वळलेली, कोणी मागे पाहतो, कोणी पिसं साफ करतो. हंसाची जातककथाही अजंठ्यात आहे. काशीच्या राणीच्या हट्टापायी हंसांचा राजा फासात सापडतो, बाकीचा थवा उडून जातो, त्याचा सेनापती सुमुख मात्र जागचा हलत नाही. ती निष्ठा पाहून पारध्याचंच मन पालटतं. या चित्रांतला हंस भरीव अंगाचा, मजबूत मानेचा, जमिनीवर चालू शकणारा पक्षी आहे. डच विद्वान फोगेल यांचं भारतीय साहित्य आणि कलेतल्या हंसावरचं पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. हा हंस म्हणजे पाश्चात्त्य तळ्यांवर पोहणारा पांढरा स्वान नव्हे, तर आपल्याकडे हिवाळ्यात येणारा गूज कुळातला पक्षी आहे, हे त्यांनी त्यात साधार मांडलं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, ज्याला आपण राजहंसही म्हणतो, तो या कुळातला. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून तो येतो.

आणि येतो कुठे? नांदूर मधमेश्वरला. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं हे पाणथळ जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. निफाड आणि येवला हे शेजारशेजारचे तालुके. ज्या पक्ष्याला आपल्या पूर्वजांनी नीरक्षीरविवेक दिला, जो ब्रह्मदेवाला वाहून नेतो, दमयंतीचा निरोप नळाकडे पोहोचवतो, तो दर हिवाळ्यात विणकराच्या दारापासून फार दूर नसलेल्या पाण्यावर उतरतो. अलीकडच्या नक्षींतला हंस मात्र बहुतेकदा लांब, वळणदार मानेचा, कपाळावर गाठ असलेला युरोपी स्वानच असतो. कुठल्या तरी शुभेच्छापत्रावरून तो संगणकाच्या ग्राफवर आला आणि ग्राफवरून मागावर. विणकराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात ग्राफ येतो, तो धागे मोजतो. दोष आहे तो नक्षीकाराने पक्षी पाहणं सोडलं याचा.

जहांगीराच्या दरबारातला उस्ताद मन्सूर इथे आठवतो. सायबेरियन क्रौंच त्याने रंगवला तो अगदी समोर उभा असल्यासारखा. पायांचा रंग, चोचीचा उतार, डोळ्याभोवतीची उघडी कातडी, सगळं पाहून. अशी पाहण्याची रीत आपल्याकडे होती, तिच्यासाठी परदेशाकडे पाहायची गरज नाही. पैठणीची नक्षी म्हणजे मन्सूरचं चित्र नव्हे, तिला साचा लागतो, हे खरं. पण साचाही कोणीतरी एकदा पाहूनच घडवलेला असतो. अजंठ्याचा हंस साचाच आहे, तरी तो चालतो.

नांदूर मधमेश्वरला चक्रवाकही येतो. नारिंगी-तपकिरी अंगाचा, रात्री जोडीदारापासून दुरावून तळ्याच्या दोन काठांवरून साद घालणारा असा त्याचा संस्कृत काव्यातला लौकिक. क्रौंच कुळातले करकोचेही येतात. आदिकवीच्या तोंडून पहिला श्लोक निघाला तो क्रौंचवधाच्या दुःखातून, हे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. विरहाचा आणि करुणेचा असे हे दोन पक्षी येवल्यापासून एका तासाच्या वाटेवर आहेत, तरी ते पदरावर आलेले मला दिसले नाहीत. चक्रवाकाचा रंग तर रेशमात देखणा उतरेल. पण जुन्या नक्षीची नक्कल करण्यातच परंपरेचा मान आहे, असं आपण धरून चाललो आहोत.

यंत्रमागाबद्दल थोडक्यात. जॅकार्डवरची सेमी पैठणी परवडते, हजारो घरांत ती आनंदाने नेसली जाते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिने मोराची एकच आकृती इतक्या वेगाने पसरवली की हातमागालाही तीच विणावी लागते. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. ते गावाचं आणि हाताच्या कसबाचं रक्षण करतं. नक्षीतल्या पक्ष्याचं रक्षण त्याच्या कक्षेत येत नाही.

वारली चित्रांत पक्षी अजून मोकळा आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या रेघांत कोंबडी दाण्यामागे धावते, झाडावर पाखरं झेपावतात, मोर झुडपात दिसतो. पक्षी तिथे प्रसंगाचा भाग असतो. जिव्या सोमा म्हशे यांनी, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ही कला कागदावर आणली तेव्हाही हे चैतन्य हरवू दिलं नाही. कपांवर आणि कापडी पिशव्यांवर उतरलेली वारली मात्र पुन्हा दोन-चार ठरावीक आकृत्यांवर येऊन थांबते.

आता जटायू. नाशिकचा स्वतःचा म्हणावा असा पक्षी हाच. पंचवटीत तो रामाला भेटला आणि इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला तो कोसळला, अशी इथली श्रद्धा आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात रावणावर झेपावणारा जटायू कोरलेला आहे. रविवर्म्याने १९०६ च्या सुमारास तो रंगवला. उगारलेली तलवार, चेहरा लपवणारी सीता, तुटलेला पंख. केरळात चडयमंगलमला त्याचं प्रचंड शिल्प २०१८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. अयोध्येत कुबेर टिळ्यावर त्याची मूर्ती बसली. नाशिकमध्ये मात्र त्या तोडीची कलाकृती माझ्या पाहण्यात नाही. जी चित्रं दिसतात त्यांत, आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांतही, जटायू बहुतेकदा गरुड असतो. पिसांनी झाकलेली मान, ऐटदार रुबाब. मूळ कथेत तो गृध्रराज आहे, म्हणजे गिधाड. गिधाडाचं रूप आपल्याला अमंगळ वाटतं म्हणून आपण चित्रातून ते पुसलं. त्यासोबत कथेचं मर्मही पुसलं गेलं. जो पक्षी मेलेल्यांवर जगतो असं जग म्हणतं, तोच जिवंत स्त्रीच्या सुटकेसाठी मरतो. म्हाताऱ्या, उघड्या मानेच्या गिधाडाने ही झुंज दिली, यातच तिचं मोठेपण आहे.

या गिधाडांचं पुढे काय झालं तेही ठाऊक आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे देशभरातली गिधाडं मेली. नव्वदच्या दशकापासून काही जातींत नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास घट झाली आणि २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं तग धरून राहिली. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने त्यांच्यासाठी खाद्याची जागा केली. म्हणजे जटायूचे वंशज याच जिल्ह्यात आहेत आणि चित्रकाराला ते प्रत्यक्ष पाहता येतात.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकच्या भिंती, पूल आणि चौक रंगतील, त्यांवर रामकथा येईल आणि तिच्यात जटायू असेलच. ज्यांच्या हाती हे काम जाईल त्या चित्रकारांनी हिवाळ्यातली एक सकाळ अंजनेरीच्या पायथ्याशी काढावी. गिधाडं कड्यावर घरटी करतात तो हंगाम तेव्हाच असतो. ऊन तापलं की ती पंख ताठ पसरून हवेच्या झोतावर वर चढतात. पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी सुटी होतात, मान आत ओढलेली असते. तो पंख नीट पाहिल्याशिवाय तुटलेला पंख रंगवता येणार नाही.