नसलेला खर्ज ऐकू येतो तेव्हा

ध्वनीच्या धड्यात एक वाक्य हमखास असते : 'ध्वनीची उच्चनीचता त्याच्या वारंवारतेवर अवलंबून असते.' परीक्षेत ते लिहिले की गुण मिळतात. वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. किती अपुरे, ते तळहाताएवढा स्पीकर दाखवून देतो.

तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण अशा स्पीकरवर लावून पाहा. पांढरी एकचा सा सुमारे १३० हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार ६५ हर्ट्झची. आवाज तेवढाच मोठा ठेवायचा, तर वारंवारता निम्मी झाली की स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. पडद्याचा व्यास निम्मा केला तर क्षेत्रफळ चौथाई होते, त्यासाठी आणखी चौपट. लहान पडद्याला हे झेपत नाही. ६५ हर्ट्झचा ध्वनी त्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरीही आपण ऐकतो तो खर्जच, वरचा सा नव्हे.

दूरध्वनीचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. पुरुषाच्या बोलण्यातील मूलस्वर बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून येतच नाही. म्हणून कोणाला वडिलांचा आवाज लहान मुलाचा वाटला आहे काय?

कारण असे की, तारेतून ६५ बरोबरच १३०, १९५, २६०, ३२५ असे संनादी स्वरही निघतात. मूलस्वर गळाला तरी उरलेल्यांची मिळून होणारी लहर सेकंदाच्या ६५व्या भागानेच पुन्हा पुन्हा येते. या आकड्यांचा मसावि ६५ आहे, हे सहावीचा विद्यार्थीही सांगेल.

हा वाद जुना आहे. १८४१ साली ऑगस्ट झेबेक यांनी भोके पाडलेल्या फिरत्या चकतीवर हवा सोडून दाखवले की, मूलस्वर अगदी क्षीण असला तरी उच्चनीचता त्याचीच जाणवते. विद्युत्‌रोधाच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेले ओहम यांना हे पटले नाही. जो साधा स्वर लहरीत आहे तोच कानाला ऐकू येतो, बाकी भास, असे त्यांचे म्हणणे. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात ओहम यांची बाजू घेतली आणि त्यांच्या अधिकारामुळे झेबेक बराच काळ मागे पडले.

आजही अनेक लोकप्रिय लेखांत 'दोन स्वरांच्या फरकाचा स्वर कानातच तयार होतो' असे सांगून विषय मिटवला जातो. मोठ्या आवाजात असे फरकस्वर होतात हे खरे. पण येथे ते उत्तर पुरेसे नाही. १९५० च्या दशकात लिकलायडर यांनी खालच्या वारंवारतांचा गोंगाट सोडून तसा स्वर झाकून टाकला, तरी नीच स्वर ऐकू येतच राहिला. १९७२ साली हाउट्स्मा आणि गोल्डस्टाइन यांनी एक संनादी स्वर एका कानात आणि दुसरा दुसऱ्या कानात सोडला, तरीही मूलस्वराची जाणीव झाली. कानात दोन्ही स्वर एकत्र आलेच नव्हते, म्हणजे जुळणी पुढे मेंदूत होते.

मसाविचे उत्तरही पूर्ण नाही. १८४०, २०४० आणि २२४० हर्ट्झ एकत्र वाजवले तर मसावि ४०, फरक २००. ऐकू येतो तो सुमारे २०४. मेंदू गणित सोडवत नाही, तो जवळात जवळची बसणारी मालिका शोधतो.

या गुणाचा उपयोग करून घेणारी मंडले आता लहान स्पीकरमध्ये असतात. खालचे स्वर गाळून त्यांच्या जागी त्यांचे संनादी स्वर मिसळायचे, की खर्ज असल्यासारखे वाटते. ही फसवणूक म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. ऑर्गन बांधणारे १६ फुटी नळीबरोबर १०⅔ फुटी नळी वाजवून ३२ फुटी नळीचा परिणाम पूर्वीपासून साधत आले आहेत. मात्र खोक्यावर 'मोठ्या स्पीकरइतकाच खर्ज' असे छापले असेल, तर ते मान्य करू नये. मोठ्या स्पीकरपुढे छातीला जाणवणारा कंप येथे नसतो. शिवाय दोन खालचे स्वर एकदम आले की, संनादी स्वर बनवताना त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे परके स्वरही मिसळतात आणि आवाज गढूळ होतो. स्वर कळतो, ऊर्जा येत नाही.

तेव्हा शिक्षकांनी ते वाक्य थोडे दुरुस्त करून सांगावे : वारंवारता ही लहरीची मोजता येणारी राशी, उच्चनीचता ही ऐकणाऱ्याची जाणीव, दोन्ही बहुधा जुळतात, नेहमी नाही. संगणकावर १३०, १९५, २६० आणि ३२५ हर्ट्झ आधी एकेक, मग एकत्र वाजवा आणि ऐकू आलेला स्वर मुलांना पेटीवर शोधू द्या. एखादा विद्यार्थी खालच्या सा वर बोट ठेवील आणि विचारील, 'सर, हा तर आपण वाजवलाच नव्हता!' त्या प्रश्नाला 'भास आहे' म्हणून गप्प करू नका. झेबेक यांनाही तेच उत्तर मिळाले होते.