लढाईवरचा कुत्रा आणि त्याचा धनी

लेफ्टनंट-कर्नल रिचर्डसन यांचें ‘ब्रिटिश वॉर डॉग्ज : देअर ट्रेनिंग अँड सायकॉलॉजी’ हें पुस्तक १९२० सालीं प्रसिद्ध झालें. आम्हीं तें नुकतेंच पुन्हा वाचलें. ग्रंथ स्वानुभवाचा आहे, भाषा साधी आहे. तथापि त्यांतील मुख्य प्रतिपादन आम्हांस पटलें नाहीं.

१९१७ सालीं इंग्लंडांत शूबरीनेस येथें कुत्र्यांची लष्करी शाळा निघाली, आणि ग्रंथकर्ते तिचे मुख्य झाले. तोफांच्या माऱ्यानें टेलिफोनच्या तारा तुटत, निरोप्ये शिपाई चिखलांत व गोळीबारांत मरत. म्हणून निरोप नेण्यास कुत्रे हवे झाले. प्रथम बॅटरसी येथील अनाथ कुत्र्यांच्या आश्रमांतून ते आणले, मग पोलिसांनीं धरलेले बेवारशी. तेहि पुरेनात तेव्हां लोकांपाशीं घरचे पाळीव कुत्रे मागण्यांत आले. शिक्षणपद्धतीचा भाग सर्वांत सरस उतरला आहे. मारझोड नाहीं, चुकलेल्या कुत्र्यास शांतपणें आरंभाच्या जागीं न्यावयाचें व पुन्हा सोडावयाचें. शेपटी पाठीवर वळवून मिरविणारा कुत्रा सहसा कामाचा निघत नाहीं, असा ग्रंथकर्त्यांचा अनुभव. (हा नियम द्विपादांसहि लागू पडावा, असें आम्हांस उगाच वाटून गेलें.)

या विद्येचें मर्म असें : रखवालदार मागच्या ठाण्यावर राही, त्याच्या कुत्र्यांना दुसरे शिपाई पुढच्या खंदकांत नेत. तेथें त्यांना कोणीं गोंजारावयाचें नाहीं, खावयास द्यावयाचें नाहीं, अशी सक्त ताकीद असे. गळपट्ट्याच्या पत्र्याच्या नळींत कागद घालून सोडलें कीं जनावर आपल्या माणसाकडे धांव घेई.

ग्रंथकर्ते यास कर्तव्यबुद्धि म्हणतात, आणि येथेंच आमचा मतभेद आहे. त्यांनीं स्वतः दिलेला पुरावा निराळेंच सांगतो. कुत्र्यास ना शत्रु ठाऊक, ना स्वदेश. तो केवळ आपल्या माणसाकडे परत निघालेला असतो. लष्करानें त्याच्या लळ्याचा उपयोग केला, आणि तो चोख केला, एवढेंच खरें. त्यास कर्तव्य म्हटलें कीं कुत्रा आपखुशीनें भरती झालेला शिपाई ठरतो, व पाठविणाराच्या मनावरचें ओझें फारच हलकें होतें. मथळ्यांत मानसशास्त्राचें नांव घेणाऱ्या ग्रंथांत हा भेद राहून जावा, हें वैगुण्य लहान नव्हे. लंडनच्या हाइड पार्कलगत २००४ सालीं युद्धांतील प्राण्यांचें स्मारक उभारलें. त्यावर, या प्राण्यांना निवड करण्याची सोयच नव्हती, अशा अर्थाचें एक वाक्य कोरलें आहे. रिचर्डसनसाहेबांच्या साऱ्या उपपत्तीहून तें एक वाक्य आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें.

तथापि ग्रंथ वाचावा. मात्र कुत्रे पाठवितांना घरोघरच्या मंडळींनीं, मुलांनींसुद्धां, लिहिलेल्या पत्रांचा जो भाग आहे तो, ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांनीं मुलांदेखत मोठ्यानें वाचूं नये.